तिकडे पाऊस आहे का?

डाळिंबवाल्यांना सुट्टी वर्षातून एकदाच मिळते, आणि तीही भर पावसाळ्यात. आमची बाग बारामतीहून येताना इंदापूरच्या अलीकडे. पाऊस सरता सरता बहार धरायचा तर त्याआधी महिना-दीड महिना बाग ताणावर सोडावी लागते, म्हणजे ठिबक बंद करायचं आणि झाडांना तहानलेलं ठेवायचं. तेवढे दिवस बागेत हात घालायला काही नसतं. एकदा छाटणी होऊन कळी निघाली की मग घरात लग्न असो नाहीतर मयत, फवारणी चुकत नाही. त्यामुळे कुठं जायचं तर ते श्रावण-भाद्रपदात, आणि आमच्या मुलीला बघायचा होता समुद्र.

मुलगी एकुलती एक, तेव्हा पाचवीत. वर्गातली निम्मी पोरं समुद्र बघून आली होती, ही राहिली होती. तीन वर्षं आम्ही ‘यंदा नक्की’ म्हणत होतो आणि तीन वर्षं कुठंतरी माशी शिंकत होती.

पहिल्या वर्षी दरड कोसळून घाटच बंद झाला. दुसऱ्या वर्षी तिकडे उघडीप आणि इकडे आमच्याकडे धो धो. जिथं चार थेंबांसाठी आभाळाकडे बघायचं, तिथं बागेत पाणी साचलं. सगळा ताण मोडला, आणि सुट्टीचे दोन दिवस हे आणि सासरे चर खोदून पाणी बाहेर काढत राहिले. तिसऱ्या वर्षी मात्र माशी शिंकली ती माझी. बॅगा भरून झाल्यावर मीच म्हटलं, नको, फोनमध्ये सगळं लालभडक दिसतंय. आम्ही घरी बसलो. दोन दिवसांनी, कोकणात ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या घरमालकीणबाईंचा फोन आला, “आला असतात तर किती बरं झालं असतं ताई, लख्ख ऊन होतं हो.” फोन स्पीकरवर होता. मुलगी शेजारीच शेंगा सोलत होती. ती शेंगा सोलतच राहिली.

माझा स्वभाव काळजीचा, हे मी कबूलच करते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण कुणीतरी मला बघूनच केली असणार. माझ्या फोनवर हवामानाची तीन अ‍ॅपं आहेत. एक म्हणतं मुसळधार, दुसरं म्हणतं तुरळक, तिसऱ्यात सूर्य हसत असतो. आणि मी विश्वास ठेवते तो मुसळधारवर. ह्यांचं दुखणं वेगळं. ह्यांना इथल्या पावसाची भीती, मला तिथल्या. जेवायला बसलो की हे खिडकीतून ढग बघणार, मी ताटाशेजारी फोन ठेवून ढग बघणार. भाजीत मीठ नाही हे दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

चौथ्या वर्षी गणपती गेल्यावर पुन्हा बेत ठरला. मी रोज संध्याकाळी त्या कोकणातल्या बाईंना फोन लावायचे. तिकडे पाऊस आहे का? त्या म्हणायच्या, “मघाशी होता, आता नाही. पुढचं देवाला ठाऊक.” मी ते सासऱ्यांना सांगायचे, तर ते ओसरीवरून म्हणायचे, “सूनबाई, पाऊस काय तुला इचारून पडतो व्हय?”

“आबा, घाटात दरडी पडत्यात.”

“पडत्यात की. आणि हितं वीज पडत न्हाय व्हय? कुठं बसशील मग?”

त्यांना हसायला काय जातंय, असं मनात म्हणत मी बॅगेत गोळ्या, बॅटरी, दोरी, दोन दिवस पुरेल एवढा चिवडा असं सगळं भरत होते. दोरी कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

निघायच्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. ह्यांनी गाडी काढली, डिकी भरली, दोनदा हॉर्न वाजवला. मुलगी बाहेर येईना. आत जाऊन बघते तर नवा ड्रेस मांडीवर तसाच, आणि ही कॉटवर बसलेली.

“पोटात दुखतंय,” म्हणाली.

कपाळाला हात लावला तर गार. मी शेजारी बसले. तिनं दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “मम्मी, दरड आपल्याच गाडीवर पडली तर?”

“कुणी सांगितलं तुला असलं?”

“कुणी न्हाय. तुझ्या फोनमधी बघितलं मी. दोन अ‍ॅपात ढग हायत, एकात वीज हाय.”

“अगं, पण समुद्र बघायचाय ना तुला?”

“ऱ्हाऊ दे समुद्र.” मग तिनं माझा हात धरला. “तू म्हण ना, जायचं न्हाय. तू म्हणलीस की पप्पा ऐकत्यात.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आयतं निमित्त चालून आलं होतं, आणि यंदा नाव माझं येणार नव्हतं. पण मग तिचं तोंड बघितलं. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर माझीच काळजी बसली होती, कपाळावरच्या आठ्यांसकट. मला माझी इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

“जायचं,” मी म्हटलं. “काय होत न्हाय.”

“कशावरनं?”

“मला ठाऊक हाय म्हणून.”

मला काहीही ठाऊक नव्हतं. मी तिला ड्रेस घातला, केस विंचरले आणि फोन बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला.

ताम्हिणीत पावसानं गाठलंच. धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. एका वळणावर रस्त्यात माती आणि दगडं आली होती, ह्यांनी गाडी कडेनं काढली. मी पुढची सीट घट्ट धरली. हे म्हणत होते, “बघ, बघ, किती मोठा धबधबा!” लोक गाड्या थांबवून कणसं खात होते, भिजत होते. मी शेजारी वळून बघितलं. मुलगी धबधब्याकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मी हसले. काय सुचेल ते बोलत राहिले, धबधबे मोजले, आणि घाट उतरेपर्यंत हसणं सोडलं नाही. गाल दुखायला लागले. खालच्या वळणांवर कधीतरी तिनं माझ्यावरची नजर काढली, काच खाली केली आणि कोपरापर्यंत हात पावसात धरला. ‘हात आत घे’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी दात आवळून गप्प बसले.