लोगो उतरला तो दिवस

वसुधा देशकरचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूरहून भोपाळला आले आणि अयोध्या नगरात स्थिरावले. वसुधा महाराणा प्रताप नगरातल्या 'झीलदर्पण' या छोट्या केबल वाहिनीवर हिंदी बातम्या वाचू लागली. पुढे मालक मोहनजींनी दिल्लीच्या एका नेटवर्कशी करार केला. जुनं नाव गेलं, पडद्यावर नेटवर्कचा लोगो आला, वाहिनी राज्यभर दिसू लागली. कुणी दम दिलाच, तर दिल्लीचे वकील पाठीशी होते.

त्याच भरवशावर तिने एका बिल्डरने तलावाच्या काठावर टाकलेल्या भरावाची बातमी वाचली. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, बहुत अच्छा पढ़ती हैं आप. घर में सब ठीक?" आवाज अगदी गोड होता. मग एके दुपारी शाळेतून आलेली तिची मुलगी शमिका म्हणाली, "आई, एक काका रोज मला हात करतात. त्यांना माझं नाव माहीत आहे."

नवरा उदय वसुधाला पोलीस चौकीत घेऊन गेला. हवालदाराने ऐकून घेतलं आणि चहा मागवला, इतकंच.

बातमीचा दुसरा भाग ज्या संध्याकाळी जायचा होता, त्याच दिवशी दिल्लीने करार मोडला. मोहनजी पांढरेफटक पडले होते. "लोगो उतर गया, वसुधाजी. अब हम अकेले हैं. आप मना कर दीजिए, मैं बुरा नहीं मानूँगा."

तिला नाहीच म्हणायचं होतं. पण भरावामुळे ज्यांच्या घरांत पाणी शिरलं होतं, त्या बायका कॅमेऱ्यासमोर नावानिशी बोलल्या होत्या. ती खुर्चीत बसली. तिने शेवटपर्यंत वाचलं.

घरी आली तेव्हा उदय दारातच उभा होता. "तू अर्ध्या वाक्यात गायब झालीस ग. केबलवाल्यांनी चॅनलच बंद केलं. सगळ्या कॉलनीत."

वाहिनी पुन्हा सुरू झाली ती दुसऱ्या नेटवर्कच्या नावाने. तिथे वसुधाला कुणी बोलावलं नाही. देशकरांनी घर बदललं. आता ती अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत हिंदी शिकवते.

तलावावरचं काम कोर्टाने थांबवलं, हे तिला वर्तमानपत्रातून कळलं. उदयने पेढे आणले. तिने एक उचलला, आणि खाण्याआधी उठून खिडक्या लावून घेतल्या.