धान पारखणारी दाढ

चंद्रपूरच्या एका दातांच्या डॉक्टरने आमच्या डोमाभाऊंना फसवले. पैशात फसवले असते तर मी वसूल केले असते, ते मला जमते. त्याने एका वाक्यात फसवले आणि त्या वाक्यापायी आमच्या भागातला सगळ्यात भरवशाचा धानपारखी घरी बसला.

डोमाभाऊ सिंदेवाही तालुक्यातल्या माझ्या राइस मिलवर धान पारखायचे. ट्रॅक्टर आवारात आला की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढत, तळहातावर चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत आणि एकच दाणा उजव्या दाढेखाली धरून डोळे मिटत. ओला दाणा चेपतो, फार वाळलेल्याचा भुगा होतो, नेमका असेल तर त्याचे कट्‌कन दोन तुकडे पडतात. आवाज आम्हालाही ऐकू येई. मी एकदा तसे म्हणालो, तर ते म्हणाले, "आवाजावर नको जाऊ. दाना दाताले सांगते, कानाले नाई."

मिलवर ओलावा मोजायचे यंत्र आहे. पण शेतकरी यंत्राकडे पाठ करून डोमाभाऊंच्या जबड्याकडे बघत. यंत्र माझे होते, दाढ त्यांची स्वतःची.

मी याच आवारात पोती शिवायला लागलो तेव्हाही ते इथे पारखीच होते. पुढे मिल मी विकत घेतली, तरी त्यांचे "अरे तुरे" सुटले नाही. एका वर्षी मला भाव पाडायचा होता. एका शेतकऱ्याचे धान ओले ठरवा म्हणून मी त्यांना डोळ्याने खुणावले. त्यांनी दाणा चावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धान कोरडं हाय. तुले कमी भाव द्याचा असन तं तसं सांग, माह्या दातावर नको ढकलू." मी इतका तापलो की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पण त्या वर्षी माझ्या दारात ट्रॅक्टरची रांग लागली, ती कोणामुळे हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

त्यांची डावी बाजू खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोट्याने, कधीच खाल्ली होती. मग उजवीकडच्या खालच्या दोन दाढा हलायला लागल्या आणि काढाव्या लागल्या. मागे उरलेल्या शेवटच्या दाढेखाली दाणा नीट धरता येईना. पुढच्या दातांनी करून पाहिले, जमेना. "पुढचे दात नुसते हासाले असते," म्हणाले. काढ-घाल करायचे दात आणले, तर दाणा त्यांच्याखाली सरकून हिरडीला टोचे. कामाच्या वेळी ते दात सदऱ्याच्या खिशात आणि डोमाभाऊ यंत्राशेजारी गप्प उभे.

म्हणून मीच त्यांना चंद्रपूरला नेले. हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावतात, इम्प्लांट म्हणतात, एवढे मी ऐकले होते. डॉक्टरने साखर तपासली, एक्स-रे काढला, हाड चांगले आहे म्हणाला. खर्रा बंद करा, स्क्रू हाडात घट्ट व्हायला चार महिने थांबा, असे बजावले. इथपर्यंत माणूस सरळ होता. मग भाव निघाला आणि मी माझ्या कामाला लागलो. दोन दात एकदम लावतो, मग दर कसा, स्क्रूवरच्या टोपीचे वेगळे का, असे आमचे चालले होते. दोघांच्या मध्ये कॅल्क्युलेटर होता. तेवढ्यात खुर्चीतून डोमाभाऊंनी विचारले, "डॉक्टरसाहेब, याच्याखाली दाना धरला तं समजन का जी?"

डॉक्टरने कॅल्क्युलेटरवरची नजर उचलली नाही. "अगदी स्वतःच्या दातासारखं, काका. कोणता खरा ते विसरून जाल."

डोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लावा.

चार महिने त्यांनी खर्ऱ्याला हात लावला नाही. चाळीस वर्षांची सवय होती. बसल्या बसल्या खर्ऱ्याची रिकामी प्लास्टिकची पन्नी तळहातावर घोटत राहायचे, पानठेल्यासमोरून जायचे टाळून मागच्या गल्लीने मिलवर यायचे. एकदा मी म्हटले, किती हाल करून घेता. म्हणाले, "दानेवाला दात येऊन राह्यला, त्याले घर साफ पायजे का नाई?"

दात बसले. चणे फुटाणे झाले, मटणाचे हाड झाले, सगळे फुटले. मी गावभर सांगत सुटलो. मग कार्तिकात नवे धान आले. पहिल्याच ट्रॅक्टरवर डोमाभाऊंनी दाणा दाढेखाली धरला. कट् झाले. त्यांनी डोळे मिटले. दुसरा दाणा घेतला, तिसरा घेतला. दहा दाणे झाले तरी डोळे मिटलेलेच. शेतकरी विचारतोय, काय झालं भाऊ. त्यांनी उरलेली मूठ पोत्यात परत टाकली आणि मला म्हणाले, "दाना फुटते, पन काई सांगत नाई."

मी म्हटले, आवाजावरून ठरवा, सवय होईल. त्यांनी माझे ऐकले, हेच वाईट झाले. आठवडाभर अंदाजाने चालले. एका म्हाताऱ्याचे धान त्यांनी ओले म्हणून परत पाठवले. त्याने दोन दिवस अंगणात वाळवून पुन्हा आणले, तर यंत्राने ते गरजेपेक्षा जास्त वाळलेले दाखवले. भरडताना त्याचा निम्मा तांदूळ तुटून कणी झाली. डोमाभाऊ त्याच संध्याकाळी त्या म्हाताऱ्याच्या घरी चालत गेले, हात जोडून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून मिलवर आले नाहीत.

मी चंद्रपूर गाठले. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि विचारले, स्क्रू तर एकदम पक्का आहे, तक्रार कशाची? मी सांगितली. तेव्हा त्याने उभ्या उभ्या सगळे समजावले. आपला दात हाडात बारीक तंतूंवर टेकलेला असतो, दाब कळतो तो त्या तंतूंमुळे. स्क्रू थेट हाडाला धरतो, तिथे ते तंतू नसतात. हाडातून थोडी जाणीव येते, सवयीने वाढतेही, पण इतका बारीक फरक कळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शेवटची दाढ शाबूत होती, तेव्हा पुढच्या-मागच्या दातांच्या आधारावर ब्रिज, म्हणजे पुलासारखे जोडलेले दात, बसवता आला असता. त्या मुळांना जाणीव असते. मात्र दोन चांगले दात घासावे लागले असते आणि त्यांच्यावर भार आला असता.

"हे सगळं तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"अर्थात."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही भावाचं बोलत होता. आणि दात जेवायला लावतात शेठ, धान तपासायला नाही." वर म्हणाला, पुन्हा कधी दात लावायचा असेल तर सूट देतो.

आयुष्यात पहिल्यांदा मी सूट हा शब्द ऐकूनही उठून निघालो. टेबलावरचा त्याचा प्लास्टरचा जबडा खाली पडला, तो मी उचलला नाही.

परत आल्यावर डोमाभाऊंच्या अंगणात गेलो आणि मान्य केले की ते विचारत होते तेव्हा मी आकडेमोड करत होतो, उत्तर मीही नीट ऐकले नाही. ते शेंगा फोडत होते. म्हणाले, "दात चांगला हाय. खाण्याले काईच तरास नाई. तू काऊन तपतं?" मी म्हटले, पुन्हा या, नुसते बसा. त्यांनी मान हलवली. "लोक माह्या तोंडाकडे पायतीन. मी काय सांगू त्याईले?"

दुसऱ्या कोणाच्या तोंडात हेच दात सोन्यासारखे ठरले असते, हे मला कळते. आधी खरे सांगितले असते तर डोमाभाऊंनाही कळले असते. ब्रिज लावायचा, स्क्रू लावायचा, की फट तशीच ठेवून एखाद्या चांगल्या दाताच्या माणसाला शिकवायचे, हे त्यांनी ठरवले असते. ठरवण्यासाठीच त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

डॉक्टर, मी माझी चूक त्यांच्या दारात जाऊन कबूल केली. आता तुम्ही सिंदेवाहीला या. एक्स-रे आणू नका, सूट आणू नका. डोमाभाऊंच्या समोर बसा, त्यांच्या डोळ्यांत बघा आणि सांगा, माहीत असून खोटे का बोललात?