सीट भरल्याशिवाय

मंद्रूपहून सोलापूरला खासगी वडाप जीप चालवणारा तो माणूस मला बघितलं की हाक मारतो, "काय पुढारी, वाचली का एसटी?" मी खासगीकरणाविरुद्ध पत्रकं वाटतो, याची त्याला भारी गंमत वाटते. तंबाखू मळत तो सुनावतो, "सगळंच खासगी करा की! आमी गिऱ्हाइकाला हाताला धरून बसवतो." सीट भरल्याशिवाय मात्र तो चावी फिरवत नाही.

परवा भर दुपारी स्टँडवर शुकशुकाट होता. तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई एकटीच त्याच्या जीपमध्ये बसली होती. "दादा, काढा की गाडी. दवाखाना गाठायचाय." तो हाका मारून दमला, पण दुसरं कुणी आलं नाही. तेवढ्यात सोलापूरची एसटी निघाली. हा पळत जाऊन तिच्यापुढं आडवा उभा राहिला आणि त्यानं बाईला हाताला धरून एसटीत चढवलं.

"ही रिकामी बी जाती, बाई. माझी न्हाय जात."

मला बरं वाटायला हवं होतं. पण ही गाडीच बंद झाली, तर तो कुणापुढं आडवा उभा राहणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, "काय पुढारी, वाचली का एसटी?" या वेळी तो हसला नाही.