सातवीचं दुसरं वर्ष

द्राक्षाचा हंगाम लागला की पेठकडचं आमचं गाव निम्मं रिकामं व्हायचं. भात-नागलीवर वर्ष निघत नसे, म्हणून आई-बाबा निफाडकडच्या बागांत मजुरीला जायचे. मागे मी आणि धाकटी बहीण. भाकरी मी थापायची, भांडी तिनं घासायची, आणि उशीर झाला की दोघींनी शाळेपर्यंत पळायचं. मी पुढं, ती मागून ओरडत, "ताई, शाळा पळून नाय चालली!"

माझ्या पळण्याकडं बाबांचं लक्ष गेलं ते तालुक्याच्या स्पर्धेत. मी सातवीत होते, दुसरी आले. पहिली आलेली माझ्याहून वीतभर उंच. तिथं कुणीतरी बाबांना सांगितलं, नाशिकला खेळाडू मुलींचं वसतिगृह आहे; निवड झाली की राहणं, जेवण, शिक्षण फुकट, पार कॉलेजपर्यंत. घरी येताना बाबांचं एकच चाललेलं, "अजून एक वर्ष अंगात भरू दे हिला. मग बघू कोण पुढं जातंय."

तालुक्याला गट इयत्तेवर पडायचे. बाबांनी तेवढंच बघितलं होतं.

वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात मला मामाच्या गावी धाडलं. गुरुजी घरी आले. तो प्रसंग बहिणीनं नंतर मला सगळ्यांच्या नकला करून दाखवला.

"पोरगी हुशार आहे. नापास कशाला करता?"

"नापास नाय करत, गुरुजी. थांबवतो."

आई नागली पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाताचं रोप लावणी न करता राबात जास्त दिस ठिवलं की मग फुटवा धरत नाय. एवढं कळतंय ना तुम्हाला?"

बाबांना कळत होतं. तरी त्यांनी ठेवलं.

जूनमध्ये माझ्या मैत्रिणी आठवीला हायस्कुलात गेल्या आणि बहीण सहावीतून येऊन माझ्याच बाकावर बसली. पोरी विचारायच्या, "नापास झाली व्हय गं ही?" मी खाली बघायचे. बहीण सांगायची, "तिला सातवी लय आवडली."

त्या वर्षी तालुक्याला मी पहिली आले. बाबा मला घेऊन निवडीसाठी नाशिकला गेले. मैदानावरच्या साहेबांनी शाळेचा दाखला बघितला आणि मला मोठ्या मुलींच्या रांगेत उभं केलं.

"साहेब, ती सातवीतच हाय," बाबा म्हणाले.

"इयत्ता आम्ही बघत नाही, काका. जन्मतारीख बघतो. गेल्या वर्षी आणली असती तर लहान गटात पळाली असती."

मी पळाले. मोठ्या मुली दहावीतल्या होत्या. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

स्टँडवर बाबांनी वडापाव घेतला. "खा," म्हणाले. स्वतः खाल्ला नाही. एसटी नाशिक सोडून घाटाला लागली तेव्हा म्हणाले, "मला वाटलं..." आणि ते वाक्य पुरं केलंच नाही. आजपर्यंत नाही.

पुढची तिन्ही वर्षं आम्ही दोघी एकाच वर्गात. दहावी एकदमच पास झालो. तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. अकरावीला नाशिकलाच जायचं होतं, आणि दोघींना एकदम सोडणं घराला झेपणारं नव्हतं. एक तरी बागेत मजुरीला हवी होती. मधलं वर्ष शाबूत असतं तर मी आधी गेले असते, लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या असत्या, वर्षानं तिला ओढून नेलं असतं. आमचं असंच ठरलं होतं, लहानपणी, चुलीपुढं.

बाबा म्हणाले, "मोठी जाईल."

मी म्हणाले, हिला पाठवा, हिला मार्क जास्त आहेत. बहीण माझे कपडे पिशवीत भरत होती. ती म्हणाली, "दोनदा सातवी कुणी केली? तू. मग शिकायची जास्त गरज कुणाला हाय?"

आई हसली, मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी गेल्यावर दुसऱ्या हंगामात तिचं लग्न झालं. ती आता द्राक्षाच्या बागेत घडांची विरळणी करते. फोनवर मला अजून विचारते, "ताई, आज काय शिकवलं गं?" कॉलेज संपलं तरी विचारते.

मी बी.ए. झाले, पहिल्या श्रेणीत. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. दुसरी अजून कुणी नाही.