दरडीचा प्रसाद

शमुवेल गायकवाड गेल्याची बातमी महाडला आणली ती कशेडी उतरून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने. स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात तो उभ्या उभ्या म्हणाला, "शामराव मुकादम गेले. काल दुपारी. जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाय." वय, मूळ गाव, पश्चात कोण, हे प्रश्न वार्ताहराच्या सवयीने लगेच विचारून झाले. उत्तरे चार ओळींत मावली आणि तेवढीच छापून आली : रस्ता खात्यातील मुकादम, वय सत्तावन्न, राहणार पोलादपूर, पश्चात पत्नी. तपशिलात चूक नव्हती. आता पाच आठवडे झाले. त्या चार ओळींत न मावलेला माणूस इथे लिहून ठेवतो.

ते मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. पन्नास सालानंतर कधीतरी बदली होऊन कुलाबा जिल्ह्याच्या या टोकाला आले आणि इथेच राहिले. शमुवेल हे नाव पोलादपूरच्या जिभेला जड गेले, गावाने त्याचे शामराव केले, त्यांनीही हरकत घेतली नाही. पत्नी रूथबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुकादमांच्या हाताखाली बारा माणसांची गँग होती आणि ताब्यात पोलादपूरपासून घाटातला काही मैलांचा रस्ता. उन्हाळ्यात खडी आणि डांबर, पावसाआधी गटारे आणि मोऱ्या, पावसात दरडी. दरड वार बघून कोसळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर त्यांना रविवार नसे. आणि जवळपास चर्चही नव्हते. पोलादपुरात ख्रिस्ती घरे मोजून तीन, त्यातले एक बदलीच्या वाटेवर. उपासना घरातच होई. मुकादम पेटी वाजवत, रूथबाई पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. शेजारच्या बायका ओसरीवर बसून ऐकत आणि गाणे संपले की भाजी निवडण्यासाठी परत जात.

एवढ्या कामात प्रार्थनेला वेळ केव्हा मिळतो, असे एकदा विचारले होते. ते म्हणाले, "मोऱ्या तपासायला जावंच लागतं ना." रोज सकाळी ते आपला रस्ता पायी चालत. रस्त्याखालून पाणी जायला ज्या लहान लहान मोऱ्या बांधलेल्या असतात, त्या प्रत्येकीजवळ वाकून आत बघत. प्रत्येक मोरी त्यांनी एकेका माणसाला लावून दिली होती. वाकायचे, पाला अडकला आहे का बघायचे, त्या माणसाचे नाव घ्यायचे, पुढे चालायचे. काम आणि प्रार्थना दोन्ही एका वाकण्यात होई. गँगला हे ठाऊक होते. गँगमधला सर्वांत जुना माणूस धोंडू, वरच्या वाडीतला कुणबी शेतकरी, जीभ तिखट. त्याने एकदा विचारलेच, "मुकादम, माजी मोरी कंची वो?"

"दर पावसाळ्यात तुंबते ती."

"मंग आमच्या बायलीची?"

"तिच्यासाठी पूल बघून ठेवलाय."

सगळी गँग फावडी टेकवून हसत राहिली. धोंडूने घरी जाऊन हे बायकोला सांगितले असावे, कारण पुढल्या आठवड्यात तिने मुकादमांसाठी फणसाची सांदणे पाठवली.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक ते बोलून दाखवत : प्रभुभोजन मिळावे. दीक्षित पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, भाकर आणि पेला आशीर्वादित करून द्यायचा असतो, तो घरच्या घरी होत नाही, आणि ज्या काळाबद्दल लिहितो आहे तेव्हा त्यांना ते मिळून चार वर्षे झाली होती. दुसरी गोष्ट ते बोलत नसत, पण रोज दुपारी ती दिसे. गँगमध्ये नऊ कुणबी आणि तिघे बौद्ध, नुकतीच दीक्षा घेतलेले. दरड उपसताना बारा जण एका पहारीला लागत. घमेले हातातून हातात जाई. जेवणाची वेळ झाली की नऊ जण कठड्याच्या बाजूला बसत आणि तिघे खालच्या वळणावर. मुकादम डबा घेऊन बरोबर मध्ये बसत, दोन्हींकडून सारख्या अंतरावर, आणि इकडची थट्टा तिकडे, तिकडचे उत्तर इकडे मोठ्याने पोचवत जेवत. "तुम्ही मुकादम आहात, एकत्र बसा म्हणून सांगत का नाही?" असे विचारल्यावर त्यांनी डब्याचे झाकण लावता लावता उत्तर दिले, "हुकमानं बसतील हो. मी वळलो की उठतील."

त्या वर्षी सप्टेंबरअखेर महाबळेश्वरकडून आंबेनळी घाटाने एक पाळकसाहेब पोलादपूरला आले. मुकादमांनी पत्रांमागून पत्रे लिहून त्यांना आणले होते. रविवारी दहाची उपासना ठरली. रूथबाईंनी आदल्या दिवशी दोन जाड गव्हाच्या पोळ्या भाजल्या, एक प्रभुभोजनासाठी आणि दुसरी, पहिली बिघडली तर असावी म्हणून. मुकादमांनी पांढरा सदरा घातला. साडेनऊला एक ट्रकवाला दारात उभा राहिला. चौथ्या वळणावर दरड आली होती, पलीकडे एक बस अडकली होती आणि बसमध्ये लहान मुले होती.

मुकादमांनी पांढऱ्या सदऱ्यावरच खाकी चढवली. पाळकसाहेब म्हणाले, "आपण लवकर उरकू का? दहा मिनिटं."

"साहेब, चार वर्षं थांबलं ते अजून थांबेल. बस थांबणार नाही," असे म्हणून ते त्याच ट्रकमध्ये चढले.

दरडीची बातमी महाडला लागली तेव्हा अकरा वाजले होते. चौथ्या वळणावर पोचलो तर एक अनोळखी गृहस्थ, गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी, बाह्या कोपरापर्यंत वर, गँगच्या रांगेत उभे राहून घमेली पुढे देत होते. पाळकसाहेब मागच्या ट्रकने आले होते, बरोबर रूथबाई, रूथबाईंच्या हातात झाकलेली टोपली. "म्हाराज, पाय बघा, पाय!" असे धोंडू दर दोन मिनिटांनी त्यांना ओरडत होता. एकच्या सुमाराला एका गाडीपुरती वाट झाली. बस हळूहळू सरकत अलीकडे आली, आतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईने खिडकीतून मूठभर चणे मुकादमांच्या हातावर ओतले. गँग जेवायला बसली. नऊ वर, तिघे खाली.

पाऊस थांबला होता. पाळकसाहेबांनी हात धुतले, रस्त्याकडेच्या एका सपाट दगडावर रूथबाईंच्या टोपलीतले पांढरे फडके पसरले, थाळी आणि पेला मांडला आणि म्हणाले, "शमुवेलराव, इथंच देतो. या." पती-पत्नी समोर उभे राहिले. प्रार्थना झाली, पोळी मोडली गेली, पहिला तुकडा मुकादमांच्या तळहातावर आला. ते डोळे मिटून उभे होते... आणि तेवढ्यात धोंडू उठला.

त्याने हात धोतराला पुसले, उजवा हात डाव्यावर ठेवला आणि मुकादमांच्या मागे येऊन उभा राहिला. देवाचे नाव घेऊन कुणी काही वाटत असेल तर जाऊन हात पुढे करायचा असतो, ही त्याची जन्मभराची शिकवण. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, अशी रांग लागली. खालच्या वळणावरचे तिघेही उठले. त्यांच्यातला गंगाराम, तिशीचा, अंगाने पहारीसारखा, थोडा घुटमळला. सोबत्याने विचारले, "आपल्याला चालतंय का रे? परसाद घेत नाय आपन."

"ह्यो गावच्या देवाचा नाय," गंगाराम म्हणाला. "आनि दरड आपन बी काडली." तो रांगेत येऊन उभा राहिला, दोन कुणब्यांच्या मध्ये, कारण जागा तिथे होती.

पाळकसाहेब गोंधळले. ते हळू आवाजात म्हणाले, "मंडळी, हे... हे सर्वांना देता येत नाही. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांच्यासाठीच असतं."

"म्हंजे?" धोंडू म्हणाला. "सकालपासून दगड बारा जनांनी काडले, नि परसाद दोघांनाच? काय मुकादम, तुमचा देव येवडा हिशोबी हाय?"

मुकादमांनी डोळे उघडले, मागे वळून रांग पाहिली. पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत पाहिली. मग तळहातावरचा तुकडा जपून परत थाळीत ठेवला. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "चर्चचा नियम बरोबर आहे. तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण आज यांच्यासमोर मी एकट्यानं खाणार नाही. माझं राहू द्या."

त्या माणसाने चार वर्षे कशाची वाट पाहिली होती ते तिथे फक्त रूथबाईंना आणि पाळकसाहेबांना पुरते कळत होते. बोलल्या त्या रूथबाई, आणि वर्गात बोलतात त्या आवाजात : "दुसरी पोळी आहे की. ती काही अजून प्रभुभोजनाची झालेली नाही. जेवणाआधीची प्रार्थना करा आणि वाटा. त्याला कुठला नियम आडवा येतो?"

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी दुसरी पोळी घेतली, कष्टाबद्दल आणि अन्नाबद्दल चार सोप्या वाक्यांत आभार मानले आणि मोडायला सुरुवात केली. धोंडूने मान वाकडी करून पोळीचा आकार पाहिला. "येवड्यानं काय व्हतंय? बारा तोंडं हायत," असे म्हणत त्याने आपल्या गाठोड्यातली नाचणीची भाकरी आणून फडक्यावर ठेवली. "ही बी मोडा, म्हाराज." मग एकेकाने आपापली आणली. नऊ भाकऱ्या झाल्या. गंगाराम आणि त्याचे दोघे सोबती आपापली भाकरी हातात धरून उभे होते. ती फडक्यावर ठेवायची की नाही, हा प्रश्न सगळ्या वळणावर एकाच वेळी उभा राहिला आणि पाळकसाहेब सोडून तो प्रत्येकाला ऐकू आला. मुकादमांची नजर धोंडूवर होती. धोंडू एकदा भाकरीकडे, एकदा गंगारामकडे बघत राहिला.

"टाक रे," तो शेवटी म्हणाला. "काय सोन्याची हाय काय तुझी, छातीशी धरून बसलास ती?"

तीन भाकऱ्या आणखी पडल्या. पाळकसाहेब घाटावरचे, त्यांना कोण कुठला हे काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी सगळ्या भाकऱ्या मोडून, मिसळून, ओंजळीने वाटल्या. उभ्या उभ्याच खाणे झाले. मग धोंडू तोंडातला घास एका गालात सारून म्हणाला, "गंगाराम, तुझ्या बायकोला सांग, मीठ जरा कमी टाकत जा." यावर जे हसू फुटले ते आठवले की आजही बरे वाटते. मुकादम तर हसता हसता खाली बसले. सगळ्यांचे खाणे आटोपल्यावर पती-पत्नीने प्रभुभोजन घेतले. त्या वेळी गँग टोप्या काढून, पाठ फिरवून उभी राहिली. तसे करायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

सोमवारी पुन्हा नऊ वर आणि तिघे खाली. मुकादम पुन्हा मध्ये. वाडीत मात्र गोष्ट पोचली होती आणि गावकीने धोंडूला बोलावून जाब विचारला. धोंडू म्हणाला, "परसाद व्हता. परसादाला नाय म्हनायचं नसतं, ह्ये तुमीच शिकवलंत." एकाने विचारले, देव कुठला होता? "दरडीचा," धोंडू म्हणाला आणि उठून आला. हे मुकादमांना कळले तेव्हा त्यांनी ते रूथबाईंना सांगितले, मला सांगितले, पाळकसाहेबांना पत्रातून कळवले आणि वर्षभर भेटेल त्याला सांगत राहिले.

धोंडूच्या त्या उत्तराने एक रीत पडली. दरड निघाली की गँगने बारा भाकऱ्या एका फडक्यावर मोडायच्या. नाव पडले दरडीचा परसाद. पुढल्या पावसाळ्यात तो पाच वेळा झाला. मुकादम आधी दोन वाक्यांची प्रार्थना म्हणत, गंगारामचे सोबती मनात आपले काही म्हणत, धोंडू मोठ्याने ग्रामदैवत भैरीचे नाव घेई. कशेडीला दरडींची कमी नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात झाड आडवे पडले तरी परसाद होऊ लागला, त्याच्या पुढच्या वर्षी ट्रक गटारातून काढला तरी. मग केव्हातरी निमित्ताची वाट बघणे थांबले. ते नेमके कोणत्या दिवशी, याची नोंद कुणाकडे नाही. मुकादमांनीही ठेवली नाही. विचारले तर ते म्हणत, "मी जेवत होतो, लक्ष कुठलं?"

परवा पोलादपूरला गेलो. रूथबाईंनी चहा केला, शाळेच्या सुट्ट्यांबद्दल बोलल्या, आणि म्हणाल्या, "वर जाऊन या. गँग चौथ्या वळणाजवळ डांबर टाकतेय." धोंडू आता घरी असतो. गंगाराम मुकादम झाला आहे. दुपारची वेळ होती. रस्त्याकडेच्या सावलीत सगळे गोलात बसले होते, मध्ये फडके. चाळिशीचा एक माणूस तेवढा वेगळा, कठड्यापाशी गाठोडे घेऊन बसला होता. आदल्या दिवशीच कामावर लागलेला, दासगावकडचा.

"तिकडं काय करतोस रे?" गंगारामने हाक मारली.

"बसलोय. आमी कोन, कुठले, तुमी अजून इचारलं नाय."

"इचारनार हाय," गंगाराम म्हणाला. "भाकरी नाचनीची हाय का तांदळाची?"

तो माणूस गाठोडे उचलून आला, लोकांनी सरकून जागा केली, आणि त्याने आपली भाकरी फडक्यावर ठेवली. तांदळाची होती.