पोकळ खुळखुळा

आमच्या गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, पितळेच्या वस्तू उजळून देणारी एक बाई आहे. तिला नाव आहे, पण सगळे चकचककाकू म्हणतात आणि तीही त्याच हाकेला ओ देते. नवरा गेला तेव्हा त्याचं पॉलिशचं मशीन विकून टाक, असा सल्ला सगळ्या नातेवाइकांनी दिला होता. तिने मशीन ठेवून घेतलं आणि सल्ले परत केले.

खोलीत शिरलं की आधी लिंबाचा वास येतो, मग लाकडाच्या भुशाचा. भिंतीशी मशीन, खिडकीखाली पातळ केलेल्या तेजाबाचं झाकणाचं टाकं, शेजारी सोड्याच्या पाण्याची बादली. टेबलावर दाराच्या मुठी, फुलदाण्या, बांगड्या, कानातली. लोक वस्तू घेऊन येतात आणि बरोबर आपली भीतीही आणतात.

"काकू, बघा ना, बोट हिरवं झालंय! सासूबाई म्हणतात विष चढलं."

"चढलं असतं तर एवढी ओरडली असतीस का? अगं, घामाचं आणि पितळेचं पटत नाही. साबणाने हात धू. अंगठी आंघोळीला काढत जा, कोरड्या मऊ फडक्याने पुसून डबीत ठेव. आणि सासूबाईंना सांग, त्यांच्या कानातल्यांवर वार्निश आहे, ती लिंबाने घासू नका. सालपटं निघाली की माझ्या नावाने खडे फोडतील."

निघताना प्रत्येकाला एक ताकीद ठरलेली. "आज वापरायचं नाही. पांढऱ्या फडक्यावर ठेवा, उद्या बघा. डाग पडला तर परत आणा." लोक मान डोलावतात आणि कोपऱ्यावर पोहोचण्याआधीच कानात घालतात.

पोकळ वस्तू मात्र ती टाक्यात बुडवत नाही. सांध्याच्या बारीक फटीतून तेजाब आत शिरतं. वरून कितीही धुवा, आतलं आतच राहतं आणि मग सावकाश, घाम फुटावा तसं, झिरपत बाहेर येतं. असल्या वस्तू ती मांडीवर घेऊन लिंबू-मिठाच्या फडक्याने हातानेच पुसते. नवऱ्याने तिला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच.

आणि तिच्याच हातून ते झालं.

नातीला दात येत होते. लेकीने विचारलं होतं, "आई, माझा पितळी खुळखुळा अजून आहे का गं?" ट्रंकेच्या तळाशी तो सापडला, काळाठिक्कर पडलेला. तिने तो टेबलावर ठेवला आणि एका हॉटेलच्या पडद्यांच्या कड्या टाक्यात सोडायला घेतल्या. तेवढ्यात जावई दारात उभा.

"आई, इकडूनच चाललो होतो. खुळखुळा तयार असेल तर नेतो. गाडी रस्त्यात लावलीय, लोक शिव्या घालतायत."

"आलेच, आलेच," म्हणत तिने कड्यांच्या जाळीतच खुळखुळा टाकला. तो लख्ख निघाला. तिने धुतला, भुशात कोरडा केला, वर्तमानपत्रावर ठेवून गुंडाळायला कागद शोधला आणि जावयाच्या हातात दिला. पांढऱ्या फडक्याचं सांगायचं राहिलं. त्याला गाडीची घाई, हिला नातीच्या कौतुकाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल आवरताना तिला त्या वर्तमानपत्रावर डाग दिसला. निळसर हिरवा, वाटोळा, कडा अजून ओलसर. मग तिला आवाज आठवला. काल कागदात गुंडाळताना खुळखुळा नीट वाजलाच नव्हता. आतले मणी पाण्यातून लोळावेत तसे वाजले होते.

लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जावयाचा फोन कामावर असताना बंदच असतो. हातमोजे तसेच टेबलावर टाकून, खोलीला कडी घालून ती बस स्टॉपकडे निघाली. शिंप्याने विचारलं, "काकू, काय झालं?" तिला ते ऐकूच आलं नाही.

बसमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर एक बाळ होतं. ते आईच्या पर्सचं बक्कल चोखत होतं. पितळेचंच.

"ते काढा हो त्याच्या तोंडातून!"

बाई दचकली. "तुम्हाला काय करायचंय?"

काकूने मान वळवली. खिडकीबाहेर दुकानं मागे पडत होती, पण तिला दिसत होती ती एक इवलीशी मूठ आणि सुजलेल्या हिरड्या. हातात येईल ते तोंडात, हेच ते वय. गेल्या आठवड्यात तिनेच हसून म्हटलं होतं, हिला सोडलं तर दाराचं हँडल खाईल.

लेकीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण केस विंचरत बाहेर आली.

"अहो, ती बाळाला घेऊन दवाखान्यात गेलीय. घाईघाईतच गेली."

"काय झालं होतं?"

"ते नाही बाई विचारलं. बाळ मात्र खूप रडत होतं."

दवाखाना त्याच रस्त्यावर होता. वाटेत एकदा ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. आत काय विचारायचं, याची तिने मनात जुळवाजुळव केली, पण कुठलंच वाक्य पुरं होत नव्हतं. डॉक्टर विचारतील, तोंडात काय गेलं? सांगावं लागेल. लेकीच्या समोर सांगावं लागेल.

लेक बाकावर बसली होती. खांद्यावर बाळ, हुंदके देत.

"आई? तू इथे कशी?"

"काय झालं तिला?"

"लस टोचली. तुझा चेहरा असा का झालाय? बस आधी."

"खुळखुळा कुठाय?"

"घरी."

"तिच्या तोंडात..."

"दिलाच नाही अजून. फळीवर आहे, पांढऱ्या फडक्यावर." लेक हसली. "लहानपणी माझी बांगडी तू दिवसभर तशीच ठेवायचीस आणि मी खाली बसून भोकाड पसरायचे. विसरलीस होय?"

काकू बाकावर बसली. तिला रडूही येईना.

घरी गेल्यावर लेकीने फळीवरचा खुळखुळा उचलला. फडक्यावर हिरवं वर्तुळ उमटलं होतं. लेकीचं हसू मावळलं. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"तू बुडवलास? पोकळ असून?"

"हो."

"आणि मी काल दिला असता तर?"

काकूने खुळखुळा कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. मोरीत जाऊन हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. नळ बंद करून तिसऱ्यांदा सोडला, तेव्हा लेक दारात येऊन उभी राहिली.

"पुरे आता. कातडं निघेल. घे हिला, मला चहा टाकायचाय."

"नको. माझे हात..."

लेकीने ऐकलं नाही. बाळ मांडीवर आलं, त्याने आजीचं बोट मुठीत धरलं आणि सरळ तोंडाकडे नेलं. काकूने झटक्यात बोट ओढून घेतलं. बाळाने ओठ काढले.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "धुतलेस ना आई? मग राहू दे."

तिने बोट पुन्हा पुढे केलं. बाळाने ते दोन्ही मुठींत पकडलं आणि नव्या दातांनी कचकन चावलं.