विहिरीची बारी

पुष्पाबाई तोंडाची मोठी फटकळ. एसटीचा कंडक्टर असो नाहीतर बँकेचा मॅनेजर, समोरच्याची भीडभाड तिनं कधी ठेवली नाही. तिची जीभ टाळ्याला चिकटायची ती एकाच माणसापुढं. तो म्हणजे तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ भुजंग. लग्न होऊन अडतीस वर्षं झाली, पण भायाशी समोरासमोर ती एक वाक्य बोलली नव्हती. त्याचं नावही कधी तोंडातून काढलं नव्हतं. तो अंगणात आला की पदर नाकापर्यंत यायचा. काही सांगायचं झालंच तर मधे जाऊ बेबीनंदा. हा काही जुलूम नव्हता बरं का. सासूनं पाळलेली रीत होती, आणि पुष्पाबाईला त्यात मानच वाटायचा.

तीर्थपुरीहून तीन कोसांवरच्या त्या गावात दोन्ही भावांची मोसंबी एकाच विहिरीवर. सासऱ्यानं वाटणी केली तेव्हा जमीन तलाठ्याकडून लिहून घेतली, विहीर मात्र तोंडी वाटली. विहीर सामाईक, मोटार सामाईक, चार दिवसांची बारी थोरल्याची, चार दिवसांची धाकट्याची. धाकटा, म्हणजे पुष्पाबाईचा नवरा, वारला तेव्हासुद्धा बारी चुकली नाही. तिच्या बारीचे दिवस लागले की भुजंग सकाळी स्टार्टरच्या पेटीची किल्ली तिच्या तुळशीपाशी ठेवून मुकाट निघून जायचा. कागदाची गरज कधी कुणाला वाटली नाही. भल्या माणसांना कागद लागत नाही, असं आपल्याकडं म्हणतात, आणि म्हणणारे बहुतेक बुडतात.

मंडळी, तंटा घरात नव्हता, जमिनीखाली होता. गावात सोमेश्वर म्हणून बडा बागायतदार. त्यानं सात बोअर पाडले, एकेक आठशे फुटांचा. गावच्या विहिरी दरसाल पुरुषभर खाली चालल्या. तेवढ्यात सरकारनं गावाच्या भूजल समितीला अधिकार दिला की जमिनीतलं पाणी उपसणाऱ्याकडून पट्टी घ्यायची. त्यासाठी ग्रामसभा बसली. भुजंग त्या दिवशी डोळे दाखवायला जालन्याला गेला होता, म्हणून पुष्पाबाईचं तोंड मोकळं होतं.

"फुकटाचं हे म्हणून उपसून राह्यले सगळे," ती उभी राहून म्हणाली. "पैसा लागला की हात आखडंल. लावा पट्टी! माझ्यावर बी लावा!"

टाळ्या पडल्या. पट्टी मंजूर झाली. पण मीटर बसवायचा विषय निघाला तसे सगळे एक झाले. आपल्या शेतात सरकारी खोका कुणालाच नको होता. मग ठरलं की पाणी मोजायचं नाही, मोटार मोजायची. मोटारमागं सालाची ठराविक पट्टी आणि मोटारीला एक नाव. पुष्पाबाईनंही त्याला मान हलवली. त्यात काय दडलंय ते तिला तेव्हा दिसलं नाही. खरं सांगायचं तर कुणालाच दिसलं नाही, फक्त सोमेश्वर तेवढा गालात हसत होता.

महिन्याभरानं नोंदणी झाली. समितीचा सचिव कल्याण ग्रामपंचायतीत टेबल टाकून बसला होता. पुष्पाबाई पोचली तर भुजंग आधीच तिथं. तिनं झटकन पदर ओढला.

"काकू, तुमच्या सामाईक मोटारीला नाव कोणाचं टाकू?" कल्याणनं विचारलं. "एकच बसतं. तुमचं टाकू का काकांचं?"

भरसभेत गरजलेली बाई ती! पण भाया दोन हातांवर उभा. त्याच्या देखत 'माझं टाक' म्हणायचं? जीभ झडली असती. 'तुम्हीच ठरवा' म्हणायलासुद्धा त्याच्याशी बोलावं लागलं असतं. तिनं खालमानेनं पुटपुटलं, "त्यांचंच." भुजंगनं सही केली. पट्टीचा अर्धा वाटा तिनं संध्याकाळी बेबीनंदाच्या हातात दिला आणि आपण मोठी शहाणपणाची गोष्ट केली अशा समाधानात भाकरी थापल्या.

पुढं काय झालं? सोमेश्वरनं सातही मोटारींची पट्टी पहिल्याच दिवशी भरली आणि पाठोपाठ आणखी दोन बोअर पाडले. कोणी टोकलं तर म्हणायचा, "पैसे भरले ना बराबर? मंग पाणी माझं." आधी चोरल्यासारखं उपसायचा, आता हक्कानं उपसू लागला. जास्त पट्टी भरणारा म्हणून समितीवरही तोच जाऊन बसला. कुंपणानंच शेत खायला घेतलं तर राखण कुणी करायची?

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी दोन तासांवर आलं. त्यानंतर मोटार नुसती हवा ओढायची. पुष्पाबाईच्या बारीचे दिवस लागले, आणि तुळशीपाशी किल्ली नव्हती. तिनं तुळशीच्या मागं पाहिलं, खाली पाहिलं. विहिरीवर मोटार चालू होती आणि पाणी थोरल्याच्या बागेत चाललं होतं.

ती तडक कल्याणकडं गेली. पोरगं चांगलं होतं, पण चांगुलपणानं रजिस्टर बदलत नाही. "काकू, इथं दुसरं नावच न्हाई," तो म्हणाला. "बारी बिरी कायद्यात कुठंच बसत न्हाई. काकांनी संमतीची सही दिली तर मी आत्ता तुमचं नाव चढवतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाची करायची? ती थेट थोरल्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भुजंग बाजेवर बसला होता, बेबीनंदा तांदूळ निवडत होती. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं पदर मागं सारला आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"दादा, माझ्या बारीचं काय केलं तुम्ही?"

बेबीनंदाच्या हातातलं सूप थांबलं. भुजंगनं मान खाली घातली आणि बायकोला म्हणाला, "सांग तिला, पाणी दोघांला पुरत न्हाई."

"तिला नगा सांगू, मला सांगा. मी समोर उभी हे."

भुजंगनं मान वर केली. तो वाईट माणूस नव्हता, तेच तर दुःख. वाईट असता तर तिनं शिव्या घातल्या असत्या, मोकळी झाली असती.

"तुझं बिलकुल बराबर हे, पुष्पा," तो म्हणाला. "बारी तुझी हे. पण वाटून घेतलं तर दोन्ही बागा जातील, एकीला दिलं तर एक तरी वाचंल. आन नाव माझं हे. मी सही न्हाई करणार."

ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिच्या ओठावर पुष्कळ बोलणं होतं, पण तो म्हणत होता तो हिशोब खोटा नव्हता. पाणी एका बागेपुरतंच उरलं होतं. सोमेश्वरच्या नऊ मोटारींना कुणी हात लावणार नव्हतं, म्हणून तिच्या बागेचा गळा कापायचा होता. ती परत फिरली. रस्त्यात तिला रडू आलं, आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत.

मेअखेर तिची सव्वाशे झाडं वाळली. आधी पानं गळाली, मग लिंबाएवढी फळं पडली. एवढी काळी झाली की शेळ्यासुद्धा तोंड लावेनात. जेसीबीवाल्यानं एका सकाळीत सगळी उपटून बांधाला रचली.

त्याच दुपारी घरात प्यायला पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. बेबीनंदानं बांधावरून हाक मारली, "अगं, घागर घेऊन ये की! मोटार चालू हे. आम्ही कधी न्हाई म्हणलं का तुला?"

पुष्पाबाई गेली. न जाऊन काय करते? पाइपाखाली घागर धरली, भरली, चुंबळ नीट करून डोक्यावर घेतली. बेबीनंदानं मायेनं तिला हात लावून दिला.

"रोज ने," ती म्हणाली. "फक्त यायच्या आधी यांना एकदा विचारीत जा."

"विचारीन," पुष्पाबाई म्हणाली आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला.